टीएमधला भाऊ एम्बॉडी होतोय: नोकरी कायम होते का, आधीची सेवा मोजली नाही तर तक्रार कुठे करायची?

कांडीवाली | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. सोलापुरातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ प्रादेशिक सेनेत, म्हणजे टीएमध्ये जवान आहे. पायदळाची बटालियन. एरवी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काम करतो आणि वर्षातून ट्रेनिंगला जाऊन येतो. मध्ये एकदा सलग मोठ्या मुदतीसाठी बोलावलं होतं, तेव्हा तिकडेच होता. आता परत बोलावणं आलंय आणि या वेळी मुदत लांब आहे.

घरात सध्या हाच विषय. गल्लीतले लोक पेढे मागतायत, "पोरगा पर्मनंट झाला" म्हणून. भाऊ म्हणतो, पर्मनंट वगैरे काही नाही. नक्की काय ते मला कळत नाही. त्यात कारखान्याचे मालक म्हणाले, जायचं असेल तर राजीनामा लिहून दे, आल्यावर बघू.

पण खरा त्रास वेगळाच आहे. मागच्या ट्रेनिंगला त्याला स्वतःचा सेवेचा हिशोब बघायला मिळाला. आधीच्या बोलावणीतले काही महिने त्यात नाहीतच. कंपनीच्या क्लार्कला सांगितलं, तो म्हणाला होईल. वरच्या एका साहेबांना सांगितलं तर म्हणाले, आता सुटायची वेळ आली, कशाला मागे लागतोस. तेव्हापासून तो पेटलाय. व्हिडिओ करून टाकतो म्हणतो. आई रडते, की तक्रार केलीस तर तिकडे एकटा पडशील. दोघांना काय सांगू? जाणकारांनी कृपया सांगा.

व्यवस्थापक | रविवार, रात्री ९.२५

ताई, तुमच्या लेखात बटालियनचा क्रमांक आणि कुठे जाणार ते गाव होतं. ते काढून टाकलं आहे. इतरांनीही युनिट, ठिकाण, तारखा, अधिकाऱ्यांची नावं लिहू नयेत. बाकी चर्चा मोकळेपणाने करा.

जुना_सुभेदार | रविवार, रात्री १०.०५

पोरी, आधी पेढ्यांचं सांगतो. भाऊ बरोबर बोलतो.

टीए म्हणजे नागरिकांची फौज. १९४८ चा कायदा आहे, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. माणूस आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षातला ठरावीक काळ फौजेला देतो आणि देशाला गरज लागली की बोलावलं जातं. सलग सेवेसाठी असं बोलावलं की त्याला आपण एम्बॉडी होणं म्हणतो. एम्बॉडी असताना पगार, भत्ते, रेशन, कॅन्टीन सगळं रेग्युलर जवानासारखं. आर्मी अ‍ॅक्टही तसाच लागू. गोळी लागायची तर तिला हा टीएचा, तो रेग्युलरचा हे कळत नाही. ६२, ६५, ७१ तिन्ही लढायांत टीएची माणसं होती.

तरी एम्बॉडी होणं म्हणजे रेग्युलरमध्ये बदली नव्हे. मुदत संपली किंवा गरज संपली की डिसएम्बॉडी करून घरी पाठवतात. पुन्हा गरज लागली की पुन्हा बोलावणं. टीए ही पूर्णवेळ नोकरी नाही, हे भरतीच्या वेळीच सांगतात. टीएच्या जवानाला आपोआप रेग्युलर करून घेण्याची कुठलीही पायरी नाही.

मग महिने मोजायचे कशाला? पेन्शनसाठी. जवान आणि जेसीओला (म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) टीएमध्ये पेन्शन बसायला एम्बॉडी सेवेची एकूण १५ वर्षं भरावी लागतात, अधिकाऱ्याला २०. ही सेवा तुकड्यातुकड्यांत झालेली चालते. मधला घरी बसलेला काळ मोजत नाहीत, पण त्यामुळे आधीची सेवा बुडतही नाही. म्हणून तुझ्या भावाचे ते महिने म्हणजे त्याच्या म्हातारपणाची भाकरी आहे. ज्याने "कशाला मागे लागतोस" म्हटलं त्याने चुकीचं सांगितलं. मागे लागलंच पाहिजे.

आता ते महिने गेले कुठे? फौजेत माणूस हजर झाला, सुटला, रजेवर गेला, लग्न झालं, मूल झालं, कोर्स झाला, प्रत्येक गोष्टीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटची लेखी नोंद, निघते. तीच सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून कागद भरला जातो. सेवा केली पण पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, किंवा निघाली आणि तारीख चुकली, तर कागदावर तो माणूस तिथे नव्हताच. रेग्युलरमध्ये माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी असतो, त्यामुळे चूक कधीतरी कुणाच्या तरी नजरेस पडते. टीएवाला येतो, जातो, परत येतो. जितक्या वेळा ये-जा, तितक्या वेळा नोंद राहण्याची शक्यता. वीस-वीस वर्षं घासलेली माणसं मी शेवटी दोन-चार महिन्यांसाठी हात जोडताना पाहिली आहेत.

भावाला उद्याच एक काम सांग. त्या काळाचे मिळतील तेवढे कागद एकत्र करायचे. एम्बॉडीची आणि डिसएम्बॉडीची ऑर्डर, मूव्हमेंट ऑर्डर, रजेचे दाखले, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, रेल्वे वॉरंटची प्रत, मेडिकल झाली असेल तर तिचा कागद. पासबुकात त्या महिन्यांचा पगार जमा दिसत असेल तर अर्धं काम झालं. पगार दिला म्हणजे माणूस हजर होता.

व्हिडिओबद्दल उद्या लिहितो, नीट लिहायचं आहे.

माढ्याचा_पोर | रविवार, रात्री १०.४०

काका, मी पण भरतीची तयारी करूलालोय. अग्निवीरला वय निघून जायला आलंय. टीएत घुसलं की पुढं रेग्युलरला जाता येतं असं अकॅडमीत सांगूलालेत. धोनी पण टीएतच आहे ना?

जुना_सुभेदार | सोमवार, सकाळी ६.३०

धोनीला २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा दिला, टीएच्या पॅराशूट बटालियनमध्ये. मानद हुद्दा हा सन्मान असतो, त्यावरून तुझ्या नोकरीचा हिशोब करू नको.

टीएत जवान आणि अधिकारी दोन्हींसाठी वय १८ ते ४२. अधिकारी व्हायचं तर पदवी हवी आणि कमाईचं साधनही. रेग्युलरला जायचं असेल तर इतरांसारखं रेग्युलरच्या भरतीतूनच जावं लागेल, तिथली वयाची अट पाळून. अकॅडमीवाले टीएला मागचं दार म्हणून विकत असतील तर फी भरू नको. टीएत जायचं तर टीए म्हणून जा. घरचा कामधंदा हातात ठेवून वर्दी घालायला मिळते, ही काही छोटी गोष्ट नाही. पण घर चालवायला दुसरं काम हवंच.

चादरवाला | सोमवार, सकाळी ११.१५

ताई, मी मालकांच्या बाजूचा माणूस आहे. ते तुमचे मालक मी नाही, पण त्याच एमआयडीसीत माझेही माग आहेत, म्हणून लिहितो.

जॉबर गेला की काय होतं हे बाहेरच्याला कळत नाही. माग बिघडला की तो जॉबर येईपर्यंत बंद. विणणारा कामगार पीसवर पैसे घेतो, त्याची मजुरी त्या दिवशी बुडते. गड्ड्याच्या यात्रेआधी, लग्नसराईत ऑर्डरी अंगावर असतात. हुशार जॉबर आता सोलापुरात मिळत नाही, तो भिवंडी-सुरतला जातो. म्हणून मालक घाबरतो. देशाविषयी त्याला काही वाटत नाही असं समजू नका.

पण राजीनामा मागणं मला पटत नाही. त्यापेक्षा बिनपगारी रजा लिहून द्यावी आणि मुदतीपुरता दुसरा माणूस ठेवावा, त्यालाही पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगून. आणि एक विचारायचं होतं. ही बोलावणी हल्ली का वाढली? पूर्वी आमच्याकडचे टीएवाले दोन महिन्यांत परत यायचे.

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी २.२०

मी वकील आहे. जिल्हा न्यायालयात काम करते, लष्करी प्रकरणं थोडी पण नियमित पाहते.

आधी चादरवाले यांचा प्रश्न. ऑपरेशन सिंदूरच्या तोंडावर, ६ मे २०२५ ला केंद्राने टीए नियमावलीतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान यांना बोलावण्याचे अधिकार दिले. टीएच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ त्यासाठी धरल्या आहेत. आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. ताईंच्या भावाची ऑर्डर याच आदेशाखाली आहे की वेगळी, हे त्या कागदावर लिहिलेलं असेल. ते वाचायलाच हवं, कारण पुढचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे.

टीए कायद्यात कलम ७अ आहे. ज्याला लष्करी सेवेसाठी बोलावलं, त्याची सेवा संपल्यावर पूर्वीच्या मालकाने त्याला परत कामावर घ्यायचं असतं, आणि नोकरी मध्ये तुटली नसती तर ज्या अटी मिळाल्या असत्या त्यापेक्षा वाईट अटींवर नाही. बोलावणं येतंय हे कळल्यावर जबाबदारी टाळण्यासाठी आधीच काढून टाकलं, तरी मालक सुटत नाही. वाद झाला तर त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो. तो कामावर घ्यायला सांगू शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. मालकाची खरीच अडचण असेल तर त्याला सूटही देऊ शकतो. कलम ७ब भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क जपण्यासाठी आहे.

म्हणून ताई, राजीनामा देऊ देऊ नका. राजीनामा म्हणजे त्याने स्वतः सोडलं. मग कलम ७अ च्या आधाराने दार ठोठावणं फार कठीण होतं. ऑर्डरची प्रत जोडून मालकांना साधं पत्र द्या, की मला लष्करी सेवेसाठी बोलावलं आहे, सेवा संपल्यावर कामावर रुजू होईन. पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

सेवेच्या नोंदीबद्दल संध्याकाळी लिहिते, कोर्टात जायचं आहे.

सातरस्ता | सोमवार, सायंकाळी ५.०५

मीही फौजेतून आलोय, टीए नाही, रेग्युलर. सुभेदार साहेब चांगलं बोलतात पण खरी परिस्थिती पण सांगा. खालच्या माणसाने अर्ज दिला की तो डोळ्यावर येतो. ड्युटी कुठली लागते, रजा कधी मिळते, सगळं बदलतं. ताई, तुमच्या आईची भीती खोटी नाही. युनिटमध्ये अर्ज करण्यापेक्षा सरळ सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका, पंतप्रधान कार्यालयाला लिहा. वरून विचारणा आली की खालचे हलतात.

कोर्टाची_पायरी | सोमवार, रात्री ८.५०

सातरस्ता यांचा अनुभव मी नाकारत नाही. अशी माणसं माझ्याकडे आली आहेत. पण पोर्टलवर टाकलेली तक्रार बहुतेक वेळा फिरून उत्तरासाठी त्याच युनिटकडे येते. मग ऑफिसात पहिला प्रश्न हाच होतो, की आम्हाला न विचारता वर का गेला. आणि कायद्याच्या दृष्टीने ती तुमची ठरलेली तक्रार धरली जाईलच याचा भरवसा नाही.

ठरलेली तक्रार म्हणजे आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम २६. अधिकारी नसलेल्या प्रत्येकासाठी ते आहे. आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर कंपनीत असलेल्या जवानाने कंपनी कमांडरकडे तक्रार करायची. तक्रार त्याच साहेबांविरुद्ध असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तक्रार घेणाऱ्याने पूर्ण चौकशी करायलाच हवी, किंवा गरज असेल तर वर पाठवायला हवी. अशी ती लष्करप्रमुखांपर्यंत जाऊ शकते, आणि त्यांचा निर्णय केंद्र सरकार बदलू शकतं. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे, त्यांची वाट थेट केंद्र सरकारपर्यंत जाते.

टीएचा जवान एम्बॉडी असताना आर्मी अ‍ॅक्टखाली येतो. म्हणजे तुमच्या भावाला अर्ज द्यायला योग्य वेळ तो हजर झाल्यानंतरची आहे. जायच्या आधी फक्त कागद जमवा.

आईंना हे सांगा. खरी तक्रार केल्याबद्दल शिक्षा नाही. कलम ५६ मध्ये शिक्षा आहे, पण ती खोटं माहीत असून आरोप करणाऱ्याला, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवणाऱ्याला. म्हणून अर्जात फक्त तारखा आणि कागद असावेत. "साहेबांनी मुद्दाम केलं" हे वाक्य नको, कारण ते सिद्ध करता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याला नोंद हवी आहे. कुणाला शिक्षा नको आहे.

वर कुठेच दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ चा कायदा, काम २००९ पासून सुरू, मुंबईत खंडपीठ आहे. तिथे वेळेचं गणित काटेकोर असतं. आधी खात्यातल्या वाटा संपवाव्या लागतात. अंतिम निर्णय मिळाला तर त्यापासून सहा महिन्यांत अर्ज. निर्णयच दिला नाही तर तुमच्या तक्रारीला सहा महिने होईपर्यंत थांबायचं आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. म्हणूनच तोंडी तक्रारीला किंमत नाही. क्लार्क "होईल" म्हणाला तो दिवस कुठल्याच कागदावर नाही, मग सहा महिने मोजायचे कुठून?

आणखी एक, बदली, पोस्टिंग आणि रजेचे वाद न्यायाधिकरणाकडे चालत नाहीत. सेवा किती धरायची, पगार, पेन्शन, बढती, हे चालतात. भावाचा विषय बरोबर यात बसतो.

जुना_सुभेदार | सोमवार, रात्री ९.४०

वकीलबाईंनी कायदा सांगितला, मी बराकीतलं सांगतो.

अर्जाआधीही वाटा आहेत. रोल कॉलला सीनियर जेसीओ विचारतात, कुणाला काही सांगायचं आहे का. सैनिक संमेलन असतं, दरबार असतो. दरबारात सीओ, म्हणजे बटालियनचे प्रमुख, साहेबांसमोर उभं राहून बोलण्याचा हक्क सगळ्यात कनिष्ठ जवानालाही आहे. पण ज्यात कागद लागतात ती गोष्ट दरबारात मांडू नये. तिथे उत्तर "हेडक्लार्क बघतील" एवढंच मिळतं आणि चार माणसांत ऑफिसची अब्रू गेल्यासारखी होते. त्यासाठी इंटरव्ह्यू, म्हणजे साहेबांची समोरासमोर भेट, मागायची. आधी प्लाटूनच्या जेसीओंना सांगायचं, मग कंपनी कमांडर, मग सीओ. प्रत्येक पायरीवर कागदाची प्रत हातात. एकही पायरी ओलांडायची नाही.

सातरस्ता, तुम्ही म्हणता तसे साहेब असतात, मी नाही म्हणत नाही. पण रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज आणि साहेबांविरुद्ध तक्रार यात फरक आहे. पहिला बहुतेक ऑफिसांना नकोसा वाटत नाही, फक्त कंटाळवाणा वाटतो. कागद तयार करून दिला तर क्लार्कही खूष होतो, कारण शोधायचं काम वाचतं. पहिल्याच अर्जात भांडण घातलं तर मात्र सगळे हात आखडतात.

व्हिडिओचं. २०१७ च्या जानेवारीत जवानांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले तेव्हा मी घरी बसून टीव्हीवर बघत होतो. मला राग आला नाही, वाईट वाटलं. कारण त्या माणसाला आपलं कुणी ऐकणार नाही असं वाटलं, तेव्हाच तो तिथवर गेला. त्यानंतर लष्करप्रमुखांनी तक्रारपेट्या ठेवायला लावल्या. पण वर्दीत असताना लष्करी विषय परवानगीशिवाय बाहेर मांडायला नियमाने मनाई आहे, आर्मी रूल २१. व्हिडिओ टाकला की त्याच क्षणी मूळ विषय मागे पडतो आणि पोरगाच आरोपी होतो. त्याचे महिने तिथेच राहतात. पोराला सांग, तुझी बाजू खरी आहे, तिला खोट्यात काढायची संधी कुणाला देऊ नको.

भीमाकाठ | मंगळवार, दुपारी १२.३०

मी सहसा इथे लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे यजमान टीएत होते. एम्बॉडी असताना ड्युटीवर जाताना अपघात झाला, पायाला कायमचं अधूपण आलं. घरी पाठवताना एका माणसाने तोंडावर सांगितलं, टीएवाल्यांना अपंगत्वाची पेन्शन नसते. आम्ही मानलं. साहेब लोक सांगतात म्हणजे तसंच असणार. शेत भीमेच्या काठाला, त्यात ऊस. ह्यांना उभं राहवत नव्हतं, माझ्याने होईल तेवढं मी केलं.

मग नात्यातल्या एकाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. पाणी राम विरुद्ध भारत सरकार, १७ डिसेंबर २०२१. ते गृहस्थ पायदळात २५ वर्षं काढून टीएच्या इकॉलॉजिकल बटालियनमध्ये, झाडं लावणाऱ्या बटालियनमध्ये, परत भरती झाले होते. अपघातात पाय कापावा लागला, ८० टक्के अपंगत्व. सरकारचं म्हणणं होतं, या बटालियनच्या अटीच वेगळ्या, त्यांनी सह्या केल्या आहेत. न्यायालयाने ते ऐकलं नाही. एवढं बलाढ्य सरकार आणि एक साधा सैनिक, त्याच्याकडे सही करण्यावाचून दुसरा पर्याय कुठे होता, असं त्यात म्हटलंय. त्यांना अपंगत्व पेन्शन द्यायला लावली.

तो निकाल वाचून मी रडले. ह्यांच्यासारखंच कुणी होतं आणि त्याचं कुणीतरी ऐकलं.

ताई, तुमच्या भावाला माझ्याकडून सांगा. देव न करो, पण तिकडे साधा मुका मार लागला तरी इंज्युरी रिपोर्ट करून घ्यायचा. ड्युटीवर होता की नव्हता, हे तेव्हाच लिहून घ्यायचं. आमचा सगळा वेळ तो एक कागद शोधण्यात गेला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसांनी अर्ज लिहून दिला, त्यांचे उपकार आहेत. आमचं प्रकरण अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

कांडीवाली | मंगळवार, दुपारी १.१०

ताई, काय लिहू कळत नाही. तुमचं लवकर होवो. भावाला तुमचं आत्ताच वाचून दाखवलं. तो गप्प बसून सगळं ऐकत होता. व्हिडिओचं त्याने स्वतःच सोडलं.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, रात्री ९.१५

भीमाकाठ ताई, एक गोष्ट लक्षात असू द्या. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने उभा राहणारा हक्क धरला जातो, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा सहसा बुडत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी बहुधा तीनच वर्षांची मिळते. म्हणून पुढचं पाऊल लांबवू नका. जुलै २०२५ मध्ये नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. त्यात सैनिक कल्याण कार्यालयांतून सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी अशी सोय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तीही विचारा.

कांडीवाली, भावासाठी अर्जाचा मसुदा देते. त्याने हिंदीत उतरवून घ्यावा.

"विषय: एम्बॉडी सेवेची नोंद पूर्ण करण्याबाबत. महोदय, मला अमुक तारखेच्या आदेशाने एम्बॉडी करण्यात आले व अमुक तारखेच्या आदेशाने डिसएम्बॉडी करण्यात आले. माझ्या सेवेच्या नोंदीत अमुक ते अमुक हा काळ दिसत नाही. या काळात मी ड्युटीवर हजर होतो. पुरावा म्हणून पगाराच्या नोंदी, मूव्हमेंट ऑर्डर व रजेचा दाखला यांच्या प्रती जोडल्या आहेत. या काळाची पार्ट टू ऑर्डर निघाली असल्यास तिचा क्रमांक व तारीख कळवावी. निघाली नसल्यास ती प्रसिद्ध करून रेकॉर्ड ऑफिसला पाठवावी ही विनंती."

बस. एक पान पुरे. दोन प्रती, एकीवर पोच. यावर हालचाल झाली नाही तर दुसरा अर्ज, त्यात कलम २६ चा स्पष्ट उल्लेख. मध्ये वाटलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून स्वतःच्या सेवेच्या नोंदीची प्रत मागता येते. लष्कर त्या कायद्याच्या बाहेर नाही. स्वतःच्या नोंदी मागण्यात गोपनीय काही नसतं.

चादरवाला | मंगळवार, रात्री १०.००

वकीलबाई, कलम ७अ ची मराठी प्रत कुठे मिळेल का? आमच्या असोसिएशनच्या बैठकीत वाचायची आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही. आणि कांडीवाली ताई, तुमच्या मालकांना मी ओळखत असेन तर मी स्वतः बोलेन. नाव इथे नको, निरोपात कळवा.

सातरस्ता | बुधवार, सकाळी ७.४५

सुभेदार साहेब, तुमचं रेकॉर्ड दुरुस्ती आणि तक्रार वेगळी, हे पटलं. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. अर्ज देणाऱ्या पोराच्या मागे कुणीतरी उभं पाहिजे. युनिटमधला एखादा जेसीओ जरी "हा माझा माणूस आहे" म्हणाला तरी त्याला त्रास होत नाही. ताई, भावाला हजर झाल्यावर आधी असा एक माणूस शोधायला सांगा, मग अर्ज.

जुना_सुभेदार | बुधवार, सकाळी ८.१०

हे सोळा आणे खरं. चांगल्या जेसीओचं कामच ते आहे.

कांडीवाली | काही आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.३०

सगळ्यांना कळवायचं होतं. भाऊ हजर होऊन काम करतोय. जायच्या आधी आम्ही पत्र्याची जुनी पेटी उपसली, पासबुक सापडलं आणि त्यात त्या महिन्यांचा पगार जमा आहे. रजेचा एक दाखलाही मिळाला. चादरवाले दादांनी मालकांशी बोलणं केलं. मालकांनी राजीनाम्याचा विषय सोडला आणि बिनपगारी रजेचं पत्र दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची अडचण मला आता कळते.

सुभेदार काकांनी सांगितल्याप्रमाणे भाऊ जेसीओ साहेबांकडून कंपनी कमांडरांपर्यंत गेला. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि पोच दिली. शोधल्यावर कळलं की हजर झाल्याची पार्ट टू ऑर्डर निघाली होती, पण पुढे मुदतवाढ झाली तिची नोंदच गेली नव्हती, म्हणून मधले महिने रिकामे दिसतात. आता ते रेकॉर्ड ऑफिसला लिहिणार आहेत. अजून उत्तर नाही. आईला आता झोप लागते.

माझा एक प्रश्न उरलाय. रेकॉर्ड ऑफिसकडून बराच काळ उत्तर आलंच नाही तर सहा महिने कुठल्या तारखेपासून धरायचे? त्याने अर्ज दिला तिथून, की युनिटने वर पाठवला तिथून?

कोर्टाची_पायरी | शनिवार, रात्री ९.०५

फार बरं वाटलं वाचून.

हा पहिला अर्ज नोंद दुरुस्तीची विनंती आहे, त्यावरच सहा महिन्यांचं घड्याळ लावून बसू नका. दोन-तीन महिने वाट पाहा, मध्ये एकदा लेखी आठवण द्या. तरीही उत्तर नसेल तर कलम २६ चा उल्लेख असलेला अर्ज द्यायचा आणि त्या अर्जाच्या तारखेपासून सहा महिने धरायचे. युनिटने तो वर कधी पाठवला याने आपला हक्क लांबत नाही. म्हणून त्या अर्जाच्या पोचेवर तारीख आणि शिक्का दोन्ही आहेत का ते बघूनच निघायला सांगा. मूळ पोच टपालाने घरी पाठवू दे, त्याच्याजवळ प्रत राहू दे. पासबुकाचं ते पान बँकेकडून साक्षांकित करून घ्या, जुन्या पासबुकाची शाई उडते.

जुना_सुभेदार | शनिवार, रात्री ९.२०

आणि ती मुदतवाढीची पार्ट टू ऑर्डर निघाली की तिचा क्रमांक त्याला स्वतःच्या वहीत लिहून ठेवायला सांग. पुढच्या डिसएम्बॉडीच्या वेळी सुटण्याआधी ऑफिसात बसून या वेळच्या सगळ्या तारखा तपासूनच सही करू दे. माढ्याच्या पोरा, टीए भरतीला लागणाऱ्या कागदांचं मी वेगळ्या धाग्यात लिहिलंय, तिकडे ये.